रस्त्यावरील जनावर आणि मोटार

गळिताचा हंगाम लागला म्हणजे शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील रस्त्यांचें रूप पालटतें. बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, दिवाळीनंतर कोंकणाकडे निघालेले धनगरांचे वाडे आणि यांतून वाट काढणाऱ्या मोटारी हीं सर्व एकाच पट्टीवर येतात. पुणें-अहिल्यानगर व पुणें-सोलापूर या हमरस्त्यांवर, तसेंच भीमा ओलांडून त्या दोहोंस जोडणाऱ्या शिरूर-न्हावरें-चौफुला रस्त्यावर, जनावर व वाहन यांची टक्कर ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. आमचे बहुतेक वाचक गोठ्याचेहि धनी आहेत व वाहनाचेहि. म्हणून दोन्ही बाजूंनीं थोडें लिहितों.

प्रथम वेगाचा हिशेब पाहूं. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते. जनावर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत निदान एक सेकंद जातो, व पुढें कोरड्या डांबरीवरहि गाडी थांबण्यास आणखी ३५ मीटर तरी लागतात. एकंदर जवळ जवळ ६० मीटर झाले. समोरून वाहन येत असतां दिव्याचा झोत खालीं करावा लागतो. त्याचा उपयोगी उजेड ४०-५० मीटरांपलीकडे फारसा पोंचत नाहीं. म्हणजे जनावर दिसलें तेव्हांच वेळ टळलेली असते! वेग ४० वर असेल तर तीच गाडी सुमारें २० मीटरांत उभी राहते. जनावराचे डोळे उजेडांत चमकतात हें खरें. परंतु पाठ फिरवून उभी असलेली काळी म्हैस डांबरी रस्त्यावर शेवटपर्यंत दिसत नाहीं.

जनावर आडवें आलेंच तर ब्रेक सरळ दाबावा, चाक एकदम वळवूं नये. जनावर चुकविण्याच्या भरांत गाडी उलटून किंवा समोरच्या ट्रॅक्टरवर जाऊन माणसें दगावतात. गाय सहसा मागें फिरत नाहीं, पुढेंच जाते. म्हणून थांबल्यावर तिच्या मागील बाजूनें हळू निघावें. वासरूं दिसलें तर गाय जवळच आहे असें समजावें. मेंढ्यांचा कळप ओलांडत असेल तर शेवटची मेंढी पार होईपर्यंत उभें राहावें, कारण कळप मध्येंच तुटला तर मागें राहिलेलीं पुढच्यांस गांठण्यासाठीं चाकाखालीं धांवतात. भोंगा वाजविला कीं रस्ता मोकळा होतो ही समजूत शहरांतून आलेली दिसते. जुंपलेला बैल भोंग्यानें बुजून गाडी आडवी घालतो.

आतां धन्याचें काम. ऐन हंगामांत जोडींतील एक बैल गेला तर दुसराहि बसून राहतो, आणि तोडकऱ्याच्या डोक्यावर उचल तशीच राहते. असें असूनहि गाडीच्या मागें चमकणारी रेडियमची पट्टी लावण्याचा आळस होतो, याचें आम्हांस वाईट वाटतें. पट्टी गाडीच्या मागें, जुंवावर व शिंगांवर लावावी. चरून परत येणाऱ्या गुरांच्या पुढें एक व मागें एक असा माणूस हातीं विजेरी घेऊन असावा. वाढें रस्त्याच्या कडेस टाकूं नये. त्याच्या लोभानें गुरें रात्रीं तेथेंच जमतात.

जनावरास लागलें असेल तर आधीं मागून येणाऱ्या वाहनांस दुरून इशारा द्यावा. रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें. पडलेलें जनावर फरफटवूं नये, शेपटीस धरून उठवूं नये, व त्याच्या तोंडांत पाणी ओतूं नये. तें श्वासनळींत जातें. गाय-बैल एका कुशीवर पडून राहिल्यास पोट फुगतें, यास्तव पोत्यांचा टेंकू देऊन तें छातीवर बसतें ठेवावें. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीं १९६२ हा क्रमांक आहे. माणसास इजा झाली असल्यास प्रथम ११२ वर कळवावें.

उसाच्या पट्ट्यांत संध्याकाळीं व पहाटे बिबट्याहि रस्ता ओलांडतो. जखमी बिबट्या निपचित दिसला तरी जवळ जाऊं नये. मोटारींत बसून वनखात्यास १९२६ वर कळवावें. अशा जनावरांची सोय जुन्नरजवळ माणिकडोह येथील निवारा केंद्रांत होते. मेलेल्याचीं नखें काढणें हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें गुन्हा आहे, मग टक्कर कोणाचीहि असो.

भरपाईच्या बाबतींत आपले लोक फार ढिले आहेत. रस्त्यावरच रोख रकमेवर तडजोड होते व वाहन निघून जातें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, तिऱ्हाइताच्या मालमत्तेचें नुकसान झालें असतां चालकानें शक्य तितक्या लवकर, व फार तर २४ तासांच्या आंत, पोलिसांस खबर दिली पाहिजे. जनावर ही मालमत्ताच आहे. वाहनाचा क्रमांक टिपावा, जागच्या जागीं छायाचित्रें घ्यावीं, पंचनामा करवावा. जनावराचा विमा असेल तर विमा कंपनीस लागलीच कळवावें, व मेलें असल्यास शवविच्छेदन होईपर्यंत पुरूं नये. कानांतील बारा अंकी बिल्ला जपून ठेवावा. बिल्ल्यावांचून दावा उभा राहत नाहीं.