शाळेतील झाडांची छाटणी व कात्रीची निवड
बिडकीनसारख्या गावी शाळेतील कडुनिंबाची सावली मुलांना उन्हाळ्यात मोठा आधार असते; म्हणून छाटणीचे हत्यार पारखून घ्यावे. लांब दांड्यांच्या कात्रीचे पाते घडीव पोलादाचे, दांडे न लवणारे आणि मधला बोल्ट कसता व बदलता येणारा असावा. जिवंत फांदीस एकमेकांलगत सरकणारी पाती योग्य; सपाट पट्टीवर दाबून कापणारे पाते ओली साल चेंगरते, ते वाळक्या फांद्यांसाठी ठेवावे. सुमारे ४ सेंटिमीटरहून जाड फांदीस करवत वापरावी. मूळ कापण्यापूर्वी त्यावरील माती व खडे काढावेत, अन्यथा धार जाते. बुंध्याजवळचे जाड मूळ मात्र तोडू नये. वादळात झाड त्याच्याच आधाराने उभे राहते. कामानंतर पाती पुसून तेल द्यावे. कात्री शिक्षकांनीच हाताळावी. मुलांनी दूर उभे राहून पाहावे व नंतर फांद्या गोळा कराव्यात.