मुदिता : दुसऱ्याच्या मुलाला प्रवेश मिळतो तेव्हा

मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार होत. पैकी मैत्री व करुणा यांवर आपल्या विहारांतून पुष्कळ बोलले जाते. मुदितेवर मात्र क्वचितच. आणि तिची खरी परीक्षा प्रवेशाच्या याद्या लागल्या की घरोघर होते. दुसऱ्याचा उत्कर्ष पाहून होणारा निर्भेळ आनंद म्हणजे मुदिता.

शेजारीण पेढे घेऊन येते. मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागलेला असतो. आपण पेढा हातात घेऊन विचारतो, "टक्के किती? कॉलेज सरकारी की खासगी? आमच्या पोराचं थोडक्यात हुकलं बघा." या बोलण्यात त्या मुलीचा आनंद कितीसा उरला? "सवलतीत मिळालं असेल" हे बाहेरच्यांचे वाक्य आपल्याला झोंबते. तेच आपल्यापैकी कोणी कुजबुजला तर त्याला काय म्हणावे?

आचार्य बुद्धघोष 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात मुदितेचे दोन शत्रू सांगतात. दूरचा शत्रू अरति, म्हणजे नाराजी. तो ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे संसारी हर्ष. तो मुदितेसारखाच दिसतो. 'आमच्या वस्तीचे नाव झाले' म्हणून फुगणारी छाती बहुधा याच जातीची. अभ्यासाचा क्रमही त्यांनी दिला आहे : आधी अतिप्रिय मित्र, मग त्रयस्थ, शेवटी वैरी. पहिल्याच दिवशी भांडखोर भाऊबंदाच्या मुलापासून आरंभ करावा, असे कोणी म्हणत नाही.

बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलेली एक हकिकत येथे आठवते. ते इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाले. तेथवर पोचलेला समाजातील हा पहिलाच मुलगा, म्हणून लोकांनी सत्काराची सभा ठरविली. पोराच्या डोक्यात हवा शिरेल म्हणून सुभेदार रामजींनी साफ नकार दिला. लोकांनी हट्ट सोडला नाही. ते दादा केळुसकरांकडे गेले, त्यांनी रामजींचे मन वळविले. सभा झाली, अध्यक्ष केळुसकरच होते, आणि भाषणाअखेर त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकणारेही केळुसकरच. दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. मुलगा त्यांच्या नात्याचा नव्हता की जातीचा नव्हता. मुदिता अशी हाताला काम लावते.

यास्तव बातमी कळताच प्रथम त्या मुलीशीच बोलावे, तिच्या बापाशी नव्हे. कोणता विषय घेतलास, केव्हा निघणार, हे विचारावे. नंतर वसतिगृहाचा अर्ज भरला का, जातपडताळणीचे प्रमाणपत्र हाती आले का, याची चौकशी करावी. त्यासाठी धावपळ करायला एक माणूस लागतोच. आणि ज्याच्या मुलाचे हुकले, त्याच्याकडे त्याच संध्याकाळी पेढे घेऊन जाऊ नये. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने जावे, पुढच्या फेरीची तारीख विचारून घ्यावी.