व्हिडिओ अडखळतो, दुकानदाराला जाब विचारता येईल का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, मिरजेला राहतो. पाच महिन्यांपूर्वी दुकानातून ३४,००० रुपयांना असेंबल्ड संगणक घेतला. मुलगी-जावई परदेशात असतात. नातवाचे व्हिडिओ फोनवर काढून पाठवतात. ते लावले की आवाज नीट येतो, पण चित्र धक्के खात चालतं. नातू धावत येतो तो मधेच थिजतो आणि एकदम दारात दिसतो. घेताना दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोर-के पण एकदम स्मूथ चालेल’ असं लिहून दिलं होतं. आता म्हणतो, इंटरनेट स्लो असेल, नाहीतर नऊ हजारांचं ग्राफिक्स कार्ड टाका. बिलावर फक्त ‘आय५, ८ जीबी’ एवढंच आहे. कार्ड घ्यावं की ग्राहक आयोगात जावं?

उत्तर : सर, तूर्त कार्डही घेऊ नका आणि नोटीसही पाठवू नका. दोष कुठे आहे हे घरच्या घरी अर्ध्या तासात कळतं, आणि तीच तपासणी पुढे तुमच्या कामी येते.

नातवाचा व्हिडिओ संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्या, इंटरनेट बंद करा आणि लावा. तरीही अडखळला, तर इंटरनेटचा संबंध संपला. तसंही नेट कमी पडतं तेव्हा पडद्यावर गोल चकरी फिरते आणि आवाजही थांबतो. तुमचा आवाज चालू राहतो, म्हणजे यंत्रालाच चित्राचा वेग झेपत नाही.

आता व्हिडिओ चालू असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ पाहा. सीपीयू शंभर टक्क्यांच्या आसपास आणि जीपीयूमधला ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख सपाट, किंवा जीपीयूची नोंदच नाही, असं दिसलं तर कारण सापडलं. फोर-केच्या एका चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. फुल एचडीच्या चौपट. बरेच नवे फोन असा व्हिडिओ ‘एचईव्हीसी’ पद्धतीने दाबून साठवतात. तो उलगडायला ग्राफिक्सच्या भागात वेगळी यंत्रणा असते. ती नसली किंवा बंद असली, की सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

ती बंद असेल तर इलाज फुकट आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच टाकलेला नाही. तो टाकून देणं दुकानदाराचं काम; त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

ड्रायव्हर असूनही आलेख सपाटच राहिला, तर सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’ उघडून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचा. बिलावरच्या नुसत्या ‘आय५’ला काही अर्थ नाही. तिथे आय५-४५७० असं काही असेल, तर आडव्या रेघेनंतरचा ४ म्हणजे चौथी पिढी. हा प्रोसेसर २०१३ सालचा आहे आणि एचईव्हीसी उलगडण्याची यंत्रणा त्यात नाही. सातव्या पिढीपासून पुढे ती पूर्ण स्वरूपात मिळते.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या दोषाच्या व्याख्येत, विक्रेत्याने जो दर्जा किंवा जी क्षमता सांगितली ती वस्तूत नसणं हाही दोषच आहे. म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपा. तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम कागद तोच आहे. शिवाय जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही याच कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र जुना प्रोसेसर असल्याचं तुम्हाला आधी सांगितलं असेल, तर हा मुद्दा टिकणार नाही. हे प्रामाणिकपणे आठवून पाहा.

टास्क मॅनेजर आणि ‘अबाउट’च्या पानाचे फोटो काढा. अडखळणारं चित्र आणि तो आलेख एकाच वेळी दिसतील असं फोनवर चित्रण करा. मग दुकानदाराला लेखी पत्र द्या : पंधरा दिवसांत कबूल केल्याप्रमाणे चालणारं यंत्र द्या, स्वखर्चाने योग्य कार्ड बसवा, किंवा पैसे परत करा. पोच घ्या. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटतं. न मिटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला फोन करा. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तोवर यंत्र कुणाकडूनही उघडून घेऊ नका.

कार्डाबद्दल एक सावधगिरी. कुठलंही कार्ड घालून हा प्रश्न सुटत नाही. जीटी ७१० हे कार्ड एचईव्हीसी उलगडत नाही. जीटी १०३० उलगडतं. दुकानदार कार्ड बसवून द्यायला तयार झाला, तरी क्रमांक लिहून घ्या आणि नातवाचाच व्हिडिओ लावून पाहा.

संगणक घेऊ पाहणाऱ्या सगळ्याच वाचकांना विनंती : बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, आणि जो व्हिडिओ घरी पाहायचा आहे तो पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. तो तिथे सुरळीत चालला, तरच पैसे द्या.