हिरवा पापुद्रा फेकू नकोस

पोरी, नेच्याचं बी नर्सरीत मागू नकोस. त्याला ना फूल, ना बी. पानामागचे जे तपकिरी ठिपके लोक कीड समजून खरवडतात, त्यांतच त्याचे बीजाणू असतात. हंसराज या नेच्यात ते पानाच्या दुमडलेल्या कडेखाली शोध.

ठिपके हिरवट असतील तर थांब. तपकिरी झाले की पान तोड, ठिपके खाली करून पांढऱ्या कागदावर ठेव, वरून दुसरा कागद झाक आणि रात्रभर पंखा बंद. सकाळी कागद तिरका धरून हलकी टिचकी मार. कोंडा घरंगळतो, बारीक पूड चिकटून राहते. पेरायची ती पूड.

कोकोपीटवर उकळतं पाणी ओत, नाहीतर बुरशी आधी उगवते. गार झालं की पूड विरळ भुरभुर. वर माती लोटू नकोस, बहुतेक नेच्यांच्या बीजाणूंना रुजायला उजेड लागतो. काच झाक, ऊन टाळ, पाणी खालच्या ताटलीतून दे.

काही आठवड्यांनी हिरवी झाक येईल, मग नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराचे पातळ पापुद्रे. इथंच माणसं चुकतात, शेवाळ म्हणून कुंडी ओततात. अगं, ती नेच्याचीच दुसरी पिढी! मोठ्या झाडाच्या निम्मीच गुणसूत्रं तिच्यात असतात. नर-मादीचे अवयव तिच्याच पोटाशी, आणि नरपेशी मादीपेशीकडे पोहत जाते. म्हणून आता मात्र उकळून गार केलेलं पाणी वरून बारीक फवार. पापुद्र्यांखाली पाण्याचा थर नसेल, तर ते हिरवे राहतील, नेचा काही येणार नाही. मिलन झालं की त्यातूनच पहिलं पान वर येतं आणि पापुद्रा वाळतो. ठिपकेवाला नेचा आणि हा पापुद्रा, असा पिढीआड फेरा असतो, हे जर्मनीच्या विल्हेल्म होफमायस्टरनं १८५१ साली दाखवून दिलं. तोवर विद्वानांनाही हा मेळ नीट लागला नव्हता.

दोन-तीन पानं आली की रोपं एकेक उपटू नकोस, पुंजक्यानं उचल. काच रोज थोडी थोडी सरकव, एकदम काढलीस तर माना टाकतील.

आणि बोस्टन फर्न या नेच्यावर ही खटपट नको. त्याचे बीजाणू बहुधा रुजतच नाहीत. त्याचा गड्डा सरळ फोडून लाव.