मुदतीपूर्वी परतावे काय?

प्रश्न : माझे बंधू व वहिनी मुलांसह परप्रांतातील मिशनच्या सेवेत आहेत, मुदत संपण्यास वर्ष आहे. साताऱ्यात वडिलांना (वय 78) हृदयविकारामुळे धाप लागते. बंधूंना आताच बोलवावे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : 1889 साली हिंदुस्थानात येऊन 1894 मध्ये मिरजेचे रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या पिढीतील मिशनऱ्यांना मायदेशीच्या आजाराचे वर्तमान कित्येक आठवड्यांनी बोटीच्या टपालाने कळे. त्या मानाने आपल्या बंधूंना निर्णयाला अवसर आहे, हे भाग्यच. हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती उणावली म्हणजे पावलांवर सूज येते, रात्री उशाला दुसरी उशी लागते, आणि जिना चढता चढता मध्येच थांबावे लागते. तथापि नियमित औषधोपचाराने असे कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे स्थिर राहतात. म्हणून प्रथम इको तपासणी करवून हृदयतज्ज्ञांचा लेखी अभिप्राय घ्यावा व रजेच्या अर्जास तोच जोडावा. झोपेतून गुदमरून उठणे, वारंवार रुग्णालयात दाखल होणे, अथवा सोबतीस कोणीच नसणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर बंधूंनी वर्षाची वाट पाहू नये; कर्तव्यच्युतीचा आरोप अशा परतण्यावर करणे मला तरी अन्यायाचे वाटते. मात्र सांगली-सातारा अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असताना सारा भार परप्रांतातील भावावर टाकणेही उचित नव्हे, हे स्पष्टच लिहितो. तूर्त लोणचे-पापड बंद करा, रोज सकाळी वजन टिपा, आणि दोन-तीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.