गिअर जड पडतो? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

आखाती देशांत गॅरेजची कामे करणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांकडे जुन्या स्पोर्ट्स गाड्याही दुरुस्तीला येतात. "गिअर जड पडतो" ही त्यांतील नेहमीची तक्रार. ती ऐकताच गिअरबॉक्स खाली उतरवणे हे कारागिराचे लक्षण नव्हे. बऱ्याचदा दोष बॉक्सच्या बाहेरच असतो.

उदाहरणादाखल माझदाची एमएक्स-५ घेऊ. या दोन आसनी गाडीची पहिली मालिका १९८९ ते १९९७ या काळात निघाली. हिचा क्लच हायड्रॉलिक असून गिअरचा दांडा थेट बॉक्सवर बसतो.

पहिली चाचणी : इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहावेत. एखादा अडला तर गाडी किंचित पुढे-मागे ढकलावी. मग इंजिन चालू करून तेच करावे. बंद इंजिनात गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनात अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर सोपा पडला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडर गळतो आहे. बॉक्सच्या बाजूला असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचा रबरी बूट मागे सारून पाहावा. आत ओल दिसली तर चोर सापडला! या गाडीत हा दोष वारंवार आढळतो. केबिनमध्ये पेडलच्या वर मास्टर सिलिंडरही पाहावा. दोन्ही कोरडे असतील तर लाइनमधील हवा काढावी. तरीही क्लच सुटला नाही, तर क्लच प्लेट व फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंग यांचा संशय घ्यावा.

दुसरी चाचणी : इंजिन बंद असतानाही दांडा जड असेल तर कन्सोल काढून दांड्याचा तळ पाहावा. तेथील छोट्या खोबणीत वेगळे तेल असते. खालचा रबरी बूट फाटला किंवा तेल आटले की दांडा कडक होतो.

तिसरी चाचणी : गाडी थंड असतानाच दुसरा गिअर अडतो व नंतर मोकळा होतो, तर गिअर ऑइल बदलावे. ७५डब्ल्यू-९० दर्जाचे तेल सुमारे २ लिटर लागते. आधी भरण्याचे बूच सुटते का ते पाहावे, मगच खालचे काढावे. नाहीतर रिकामा बॉक्स घेऊन बसण्याची पाळी येते! निघालेल्या तेलात पितळी चुरा जास्त दिसला, तर सिंक्रो रिंग झिजली आहे.

क्लच पूर्ण सुटत असूनही एकाच गिअरमध्ये कर्रकर्र आवाज राहिला, तरच बॉक्स उघडावा.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना कडक ताकीद आहे. रबरी किटचे काम असताना बॉक्सची मजुरी लावणे हीदेखील मापातलीच चोरी होय. ग्राहकाची गाडी ही आपल्याकडे अमानत असते. बदललेला भाग त्याच्या हाती द्यावा व दोष समजावून सांगावा. बरकत त्यातच आहे.