फोनची आतली दुरुस्ती

अंबाजोगाईच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव काय, हे विचारायला आपण फोन लावतो. भाव कळायच्या आतच बोलणे तुटते. आपण म्हणतो, "टॉवरच खराब!" पण शेजाऱ्याचे सिमकार्ड त्याच कंपनीचे, आणि त्याचा फोन तिथेच नीट चालतो. मग दोष आपल्याच फोनमध्ये असू शकतो, नाही का?

फोनमध्ये यंत्र असते. यंत्राने काय करावे हे सांगणारे हुकूमही असतात. टॉवर कसा धरावा, एक सोडून दुसरा कसा धरावा, हे हुकूमच ठरवतात. या हुकुमांना सॉफ्टवेअर म्हणतात. हुकूम लिहिणारी माणसेच. त्यांच्या हातून चुका राहतात. कंपनी चुका सुधारून नवे हुकूम पाठवते. त्याला अपडेट म्हणतात.

आम्ही एक उदाहरण देतो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्या देशात ५जी सुरू झाले. त्या वेळी अनेकांच्या आयफोनमध्ये ५जीचे यंत्र होते, पण ५जी चालेना. नोव्हेंबरात काही लोकांनी कच्चे अपडेट वापरून पाहिले. डिसेंबरात पक्के अपडेट सर्वांना मिळाले. फोन तोच, पण ५जी चालू झाले.

अपडेट टाळले तर नुकसानही होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च २०१७ मध्ये संगणकांची एक दुरुस्ती पाठवली. पुष्कळांनी ती घेतली नाही. मे महिन्यात त्याच फटीतून घातक प्रोग्राम शिरला. इंग्लंडातल्या दवाखान्यांत हजारो रोग्यांची कामे अडली. आपल्या फोनमध्ये तर बँकेचे पैसे आहेत!

मग काय करावे?

१. फोन चार्ज करावा. फोटो, नंबर दुसरीकडे जपून ठेवावेत.
२. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट पाहावे व घ्यावे. मध्येच फोन बंद करू नये.
३. मेसेजमधून आलेल्या लिंकवरून अपडेट कधीच घेऊ नये. ती फसवणूक असू शकते.

एवढे करूनही बोलणे तुटले तर कंपनीला कळवावे. डॉक्टरांपुढे नुसते "बरं वाटत नाही" म्हणून भागत नाही. कुठे दुखते, कधीपासून, हे सांगावे लागते. तसेच इथे. फोन कोणता, अपडेट कोणते, बोलणे कुठे, कधी, किती वेळा तुटले, हे लिहून ठेवावे आणि सांगावे. चूक नेमकी कळली तरच ती सुधारता येते. एकाने नीट कळवले, तर फायदा सर्वांचा होतो.

लिहायला आलेच आहे, तर तक्रारही आपल्याच हाताने लिहू या!

प्रश्न
१. अपडेट म्हणजे काय?
२. तक्रारीत कोणत्या गोष्टी लिहाव्यात?